तंबाखूच्या पाइपची गुडगुडी का होते? नीट न चालणाऱ्या पाइपचं निदान आणि दुरुस्ती

तळाशी बुडबुड आवाज, झुरक्याबरोबर जिभेवर येणारा कडू थेंब, दर दोन मिनिटांनी विझणारा निखारा, भाजलेली जीभ आणि शेवटी बाउलच्या, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीच्या, बुडाशी उरणारा ओला चिखल. तक्रारी पाच दिसतात, पण मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते, ती म्हणजे पाणी. गुडगुडीत पाणी हवंच असतं, पाइपमध्ये नको असतं.

तपासायचा क्रम असा ठेवा: आधी तंबाखू, मग भरणं आणि ओढण्याचा वेग, मग धुराची वाट आणि सगळ्यात शेवटी पाइपची बनावट. लोक नेमके उलटे जातात. आधी नवा पाइप विकत घेतात किंवा ड्रिल घेऊन धुराचं भोक मोठं करायला बसतात. ब्रायरमधलं, म्हणजे पाइपच्या लाकडातलं, भोक एकदा मोठं झालं की ते लहान करता येत नाही, त्यामुळे ड्रिलचा नंबर अगदी शेवटचा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही.

पाइपचा दोष आहे की तंबाखूचा, हे ठरवायला एक स्वस्त उपाय आहे. मक्याच्या कणसाचा, म्हणजे कॉर्न कॉबचा पाइप घ्या. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात वॉशिंग्टन नावाच्या गावी हे पाइप 1869 पासून बनतात आणि ब्रायरच्या मानाने फारच कमी किमतीत मिळतात. तोच तंबाखू, त्याच दिवशी, त्याच पद्धतीने कॉबमध्ये भरून ओढा. तिथेही गुडगुड झाली तर तुमच्या ब्रायरचा काही गुन्हा नाही.

पाणी येतं कुठून

दोन ठिकाणांहून. एक, तंबाखूत आधीच असलेला ओलावा. मध्यम बाउलमध्ये अडीच ग्रॅमच्या आसपास तंबाखू बसतो. त्यात 20 टक्के ओलावा असेल तर अर्धा ग्रॅम पाणी तुम्ही काडी लावण्याआधीच आत भरलेलं असतं. दोन, जळताना नव्याने तयार होणारं पाणी. पानातलं सेल्युलोज जळतं तेव्हा त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं. एक ग्रॅम कोरडं सेल्युलोज पूर्ण जळलं तर अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त पाणी निघतं. म्हणजे तंबाखू हाडासारखा कोरडा केला तरी वाफ होणारच. ही वाफ धुराबरोबर शँकमध्ये, म्हणजे बाउलपासून निघणाऱ्या दांड्यात, येते, तिथे थंड होते आणि भिंतींवर थेंब धरते. संथ ओढलं तर बरीचशी वाफ लाकूड शोषून घेतं किंवा ती धुराबरोबर बाहेर जाते. भराभर ओढलं तर शोषायला वेळच मिळत नाही.

जळण्यातून येणारं पाणी टाळता येत नाही. आधीचा ओलावा मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

डब्यातून काढलेला तंबाखू बहुधा ओढण्याजोगा नसतो, तो टिकवण्याजोगा असतो. ओढताना ओलावा 12 ते 14 टक्क्यांच्या आसपास हवा. घरी मोजायचं साधन नसतं, म्हणून चिमटीची परीक्षा घ्या. चिमूटभर तंबाखू अंगठा आणि दोन बोटांत दाबा आणि सोडा. गोळा तसाच राहिला तर ओला. हळूहळू उलगडून पुन्हा मोकळा झाला तर योग्य. दाबताना चुरा झाला तर फार कोरडा. बोटांना गारवा लागला, तर उलगडला तरी अजून थोडं थांबा.

साधारण हवेत एका वेळेपुरता तंबाखू कागदावर पातळ पसरून ठेवला की रिबन कटला, म्हणजे बारीक पट्ट्यांत कापलेल्या तंबाखूला, 15 ते 30 मिनिटं पुरतात, फ्लेकला, म्हणजे दाबून कापलेल्या चकत्यांना, तासभर लागतो. फ्लेक आधी हाताने मोकळा करा, अख्ख्या चकत्या वरून सुकतात आणि आत ओल्याच राहतात.

सुगंधी तंबाखूचं गणित वेगळं आहे. त्यात बऱ्याचदा प्रॉपिलीन ग्लायकॉल घातलेलं असतं आणि ते ओलावा धरून ठेवतं. असा तंबाखू दिवसभर पसरला तरी बोटाला मऊच लागतो. त्याला वरची परीक्षा चालत नाही. त्याचा बाउल दोन-तृतीयांश भरा, अगदी संथ ओढा आणि मधे एकदा पाइप क्लीनर फिरवा. गुडगुडीची तक्रार व्हॅनिला आणि चेरीच्या तंबाखूबद्दल सर्वात जास्त येते ती यामुळेच.

आता आपल्याकडची अडचण. पाइपवरचे बहुतेक सल्ले युरोप-अमेरिकेच्या हवेतले असतात. जून ते सप्टेंबर मुंबईत आणि कोकणात हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस 80 टक्क्यांच्या वर असते. त्या हवेत कागदावर पसरलेला तंबाखू वाळण्याऐवजी आणखी ओलावा ओढून घेतो. पावसाळ्यात पसरून ठेवायचा तर एसी चालू असलेल्या खोलीत ठेवा, किंवा जुन्या पिवळ्या 60 वॅटच्या बल्बखाली एक वीतभर अंतरावर 10–15 मिनिटं. तिसरा मार्ग म्हणजे घट्ट झाकणाच्या बरणीत एक-दोन वेळांचा तंबाखू आणि सिलिका जेलची पुडी. पुडी तंबाखूला चिकटू देऊ नका आणि दोन-तीन तासांनी चिमटी घेऊन पाहा. मायक्रोवेव्ह हा नाइलाजाचा उपाय. करायचाच तर 5 सेकंदांच्या टप्प्यांनी, कारण पाण्याबरोबर वासही उडून जातो. आणि मोठा डबा रोज उघडू नका. पावसाळ्याआधी आठवड्याभराचा माल छोट्या बरणीत काढा, बाकीचा बंद राहू द्या.

विदर्भात मे महिन्यात नेमकं उलटं होतं. तिथे तंबाखू भुगा होतो, भसाभस जळतो, बाउल तापतो आणि धूर तिखट लागतो. त्याला पणतीचा तुकडा कामाला येतो. बिनरंगाच्या, कोऱ्या पणतीचा दोन बोटं रुंद तुकडा पाण्यात 15 मिनिटं भिजवा, वरचं पाणी पुसून काढा आणि बरणीत तंबाखूवर कागदाच्या तुकड्यावर ठेवा. रात्रभरात पान मऊ येतं. मऊ आलं की तुकडा काढून टाका, विसरलात तर बुरशी. बटाट्याची किंवा सफरचंदाची फोड ठेवायचा जुना सल्ला अजून फिरतो, तो ऐकू नका. ती फोड स्वतःच बुरशी घेऊन येते.

भरणं, पेटवणं, वेग

पाइप सारखा विझतो याची तीन कारणं: ओला तंबाखू (वर झालंच), फार घट्ट भरणं आणि फार सैल भरणं. शेवटचं कोणाच्या लक्षात येत नाही. निखाऱ्याखाली पोकळी असेल तर आग पुढच्या थराला पोचतच नाही.

तीन चिमटींत भरा. पहिली चिमूट फक्त सोडायची, दाबायची नाही. बाउल काठोकाठ सैल भरला की बोटाने हलकेच अर्ध्यापर्यंत बसवा. दुसरी पुन्हा काठापर्यंत, आणि ती तीन-चतुर्थांशापर्यंत बसवा. तिसरी किंचित शीग लावून, काठाच्या थोडं खाली. मग न पेटवता ओढून पाहा. स्ट्रॉने पाणी ओढताना जाणवेल इतपत विरोध हवा. दाट मिल्कशेक ओढल्यासारखं वाटलं तर सगळं काढून पुन्हा भरा. वरून टोचून मोकळं करण्याने तेवढ्यापुरतं भागतं, पण अर्ध्यात पुन्हा अडतं. तंबाखू बोटांनी वरून दाबला की स्प्रिंगसारखा थोडा परत यावा, हीच भरणीची खूण.

पेटवणं दोनदा. पहिल्या काडीने संपूर्ण पृष्ठभागावरून ज्योत गोल फिरवत तीन-चार लहान झुरके घ्या. तंबाखू फुगून वर येईल. तो टॅम्परने, म्हणजे दाबायच्या छोट्या दांडीने, सपाट करा आणि दुसरी काडी लावा. पहिली पेटवण निखाऱ्यासाठी नसतेच, वर काजळीची सपाट चादर तयार करण्यासाठी असते. काडी पेटवल्यावर डोक्यावरचं रसायन जळून जाईपर्यंत दोन सेकंद थांबा. टॉर्च लायटर नको, त्याने बाउलचा काठ जळतो.

टॅम्पर म्हणजे राख बसवायचं साधन, कूट करायचा बत्ता नव्हे. त्याच्या स्वतःच्या वजनाएवढाच दाब पुरतो. दोन-तीन वेळा पुन्हा पेटवावं लागणं हे अगदी नेहमीचं आहे. विझू नये म्हणून जोरजोरात ओढत राहणं हीच भाजलेल्या जिभेची सुरुवात असते.

वेगाचं माप असं: अडीच-तीन ग्रॅम तंबाखू 40 मिनिटांच्या आत संपत असेल तर तुम्ही घाईत आहात. युरोपातल्या पाइप क्लबांमध्ये संथ ओढण्याच्या स्पर्धा होतात. 3 ग्रॅम तंबाखू, दोन काड्या, आणि विझला की बाद. तिथले पट्टीचे लोक तीन तासांच्या पुढे जातात. तुम्हाला तिथवर जायचं कारण नाही, पण 20 मिनिटांत बाउल संपवून पाइपला नावं ठेवणं बरं नव्हे. बाउल गालाला टेकवून पाहा. टेकवत नसेल तर खाली ठेवा, विझू द्या, 10 मिनिटांनी पुन्हा पेटवा. गच्चीवर वाऱ्यात ओढत असाल तर वाराच निखारा फुंकत असतो, तुम्ही कितीही संथ ओढा. तिथे जाळीचं झाकण लावा.

जीभ भाजण्याचं मुख्य कारण तापलेली वाफ, म्हणून ओला तंबाखू आणि घाई एकत्र आली की जीभ गेलीच. व्हर्जिनिया पानात साखर जास्त असते आणि ते गरम जळतं, त्यामुळे नवशिक्यांना तेच जास्त चावतं. बर्ले या दुसऱ्या जातीच्या पानाचा धूर अल्कधर्मी असतो, त्याची चुरचुर वेगळी. दोन-तीन दिवस पाइप बंद ठेवला की साधी भाजलेली जीभ बरी होते. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, घट्ट लागणारी जागा, किंवा दोन आठवड्यांत न भरणारा व्रण दिसला तर तो पाइपचा बिघाड नाही. पाइप ओढणाऱ्यांना तोंडाचा कर्करोग होतो, धूर छातीत न घेणाऱ्यांनाही. अशा वेळी तंबाखू बदलून पाहू नका, तोंड डॉक्टरांना दाखवा.

धुराची वाट

तंबाखू नीट, वेग नीट, तरीही बुडबुड. आता पाइपकडे वळा.

पाइप रिकामा आणि थंड असताना ओढा. जवळजवळ आवाज न होता हवा यायला हवी. शिट्टीसारखा सूर आला तर कुठेतरी वाट अरुंद आहे. अरुंद जागेनंतर हवा भोवरा घेते आणि भोवरा होतो तिथेच पाणी साचतं. मग स्टेम, म्हणजे तोंडात धरायची नळी, लावलेला असताना पाइप क्लीनर दातांकडच्या टोकातून घाला. सरळ पाइपमध्ये तो बाउलच्या बुडापर्यंत निघाला पाहिजे. अडला तर जिथे अडला तिथे बोटाने पकडा, बाहेर काढून लांबी मोजा, म्हणजे अडथळ्याची जागा कळते.

दातांजवळच अडला तर स्टेमच्या टोकाची फट बारीक आहे. स्वस्त पाइपांत हे फार आढळतं. सोनारकामाच्या चपट्या सुई-कानशीने फट आतून दोन्ही बाजूंना पंख्यासारखी रुंदावा. वर-खाली घासू नका, तिथला थर पातळ असतो, भोक पडेल.

मधोमध अडला तर स्टेमचं खुंटीसारखं टोक आणि शँकची खोबण जिथे मिळतात ती जागा पाहा. खुंटी खोबणीच्या तळाला जवळजवळ टेकायला हवी. मधे अर्ध्या-एक मिलिमीटरची फट चालते, कारण लाकूड फुगतं. दोन-तीन मिलिमीटरची पोकळी असेल तर ते पाण्याचं टाकंच. मोजायला मऊ मेणाची छोटी गोळी खुंटीच्या टोकावर चिकटवा, स्टेम पूर्ण बसवा आणि काढून गोळी किती चेपली ते पाहा. पोकळी भरायला त्याच आतल्या मापाच्या नळीचं छोटं कडं खोबणीत बसवता येतं. हे काम लेथ असलेल्या कारागिराकडून करून घ्या.

याच कारणाने 9 मिलिमीटर फिल्टरचा पाइप फिल्टरविना ओढला की गुडगुडतो. फिल्टरची जागा म्हणजे मोठी पोकळी. एकतर फिल्टर घाला, नाहीतर त्या जागेत बसणारा अ‍ॅडॅप्टर. कोळशाच्या फिल्टरचं एक टोक सिरॅमिकचं आणि दुसरं प्लॅस्टिकचं असेल तर सिरॅमिक बाउलकडे. भिजलेला फिल्टर पुन्हा वापरू नका, तो बुचासारखं काम करतो.

चोर बाजारात किंवा जुन्या बाजारात मिळालेल्या पाइपात स्टेमच्या टोकाला धातूचा भाला बसवलेला असतो, त्याला स्टिंगर म्हणतात. पाणी अडवण्यासाठी तो बसवत, पण वाटही तोच अडवतो. काढून टाका. डांबराने चिकटला असेल तर टोक अल्कोहोलमध्ये बुडवून अर्धा तास ठेवा आणि कापडात धरून फिरवत ओढा.

बाउलमध्ये मोबाइलचा टॉर्च मारून भोक कुठे उघडतं ते पाहा. ते अगदी बुडाशी, मधोमध हवं. तीन-चार मिलिमीटर वर असेल तर खालचा तंबाखू कधीच जळत नाही आणि तो चिखल दरवेळी उरतो. उपाय सोपा आहे. सिगारची बारीक राख थेंब थेंब पाण्यात कालवून भिजवलेल्या मेंदीएवढी घट्ट करा, भोकात पाइप क्लीनर घालून ठेवा आणि बूड भोकाच्या पातळीपर्यंत लिंपा. दोन-तीन दिवस वाळू द्या, मगच क्लीनर काढा. हा लेप वर्ष-दोन वर्षांनी सुटतो, तेव्हा नवा लावायचा.

इतकं सगळं ठीक असूनही ओढायला जड जात असेल तर भोकाची रुंदी मोजा. ड्रिल बिटची मागची गुळगुळीत बाजू सरकवून पाहा: 3.5 ते 4 मिलिमीटर हे चांगलं माप. 3 पेक्षा कमी असेल तरच मोठं करायचा विचार करा, आणि तोही बिट हाताने फिरवून, विजेच्या ड्रिलने नव्हे.

काजळी, वास आणि अडकलेला स्टेम

बाउलच्या आत साठणारा कार्बनचा थर लाकडाला जपतो. तो एक रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढा, दीड मिलिमीटरच्या आत ठेवा. जास्त जाड थर तापून लाकडाआधी फुगतो आणि बाउल तडकतो. चाकूने खरवडू नका, बाउलची आतली पोकळी वाकडी होते. गोल काठीला 80 नंबरचा सँडपेपर गुंडाळा आणि फिरवत उतरवा. बुडाशी भोकाच्या तोंडावर साठलेली काजळी आधी काढा, कित्येकदा तेवढ्यानेच पाइप मोकळा होतो. मीरशॉममध्ये मात्र थर साठू द्यायचाच नाही. तो तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरचा मऊ दगड. धूर आणि ओल तो स्वतःच शोषतो. प्रत्येक वेळी कागदाने आतून पुसा, अल्कोहोल दूर ठेवा.

बाउलच्या बाहेरच्या बाजूला एकाच जागी रंग गडद होत असेल आणि ती जागा बाकीच्यापेक्षा जास्त तापत असेल, तर आत लाकूड जळतंय. तिथे ओढणं थांबवा, आतला कोळसा हलकेच खरवडा आणि वरचाच राखेचा लेप लावा. भिंत दाबल्यावर मऊ लागली तर पाइपला निरोप द्या.

जुना वास किंवा कडूपणा जात नसेल तर बाउलमध्ये कापूस भरा, शँकमध्ये क्लीनर घाला, पाइप उभा ठेवा आणि ड्रॉपरने कापूस भिजेपर्यंत अल्कोहोल सोडा. 24 तासांत कापूस चहासारखा तपकिरी होतो. पांढरा राहीपर्यंत पुन्हा करा, मग चार-पाच दिवस वाळवा. कापसाऐवजी मीठ सांगतात, पण मीठ लाकडात शिरून तडा पाडू शकतं, कापूसच बरा. कुठलं अल्कोहोल? 99 टक्के आयसोप्रोपिल, किंवा साधी वोडका किंवा पांढरी रम. हार्डवेअरच्या दुकानातलं डिनेचर्ड स्पिरिट अजिबात नको, त्यात विषारी भेसळ मुद्दाम केलेली असते. सॅनिटायझरची जेलही नको.

पावसाळ्यात लाकूड फुगून स्टेम अडकतो. पाइप गरम असताना तर स्टेम कधीच काढू नका, खुंटी मोडण्याचा हा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे. याला अपवाद आर्मी माउंटचा: शँकवर धातूची टोपी आणि निमुळता स्टेम. डब्लिनच्या चार्ल्स पीटरसनच्या 1890 च्या पेटंटवरून आलेले सिस्टिम पाइप याच घडणीचे. त्यांच्यात पाणी साठायला मुद्दाम कप्पा असतो. मधेच स्टेम काढा, पाणी झटका आणि पुढे चला. बाकीच्या पाइपांत थंड झाल्यावरही स्टेम निघत नसेल तर पाइप पिशवीत गुंडाळून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. स्टेमचं इबोनाइट, म्हणजे कडक रबर, लाकडापेक्षा जास्त आकसतं. मग एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवत ओढा. निघाल्यावर खुंटीवर 2बी पेन्सिल घासा. सैल झाला असेल तर मधमाशीच्या मेणाचा पातळ हात पुरतो.

स्टेम हिरवट-तपकिरी पडून गंधकासारखी चव देत असेल तर ते उन्हाने आणि ओलाव्याने चढलेलं इबोनाइटचं ऑक्सिडीकरण. 400, 600, 1000 आणि 2000 नंबरच्या पाणकागदाने ओलं घासा, शिक्का असेल तिथे टेप लावून ठेवा.

पाइपला विश्रांती द्या. एकदा ओढल्यावर किमान 24 तास, पावसाळ्यात दोन-तीन दिवस. राख काढून, कोरडा क्लीनर आत घालून, बाउल खाली करून उघड्या स्टँडवर ठेवा. चामड्याच्या बटव्यात किंवा बंद कपाटात ठेवलात तर जुलैत जी बुरशी पट्ट्यावर आणि बुटांवर येते, तीच बाउलमध्येही येते.

राहिला प्रश्न पर्यटनस्थळी मिळणाऱ्या, आतून-बाहेरून वार्निश केलेल्या शिसवी पाइपांचा. आतलं वार्निश जळतं आणि ते धुराबरोबर आत जातं. त्यांची दुरुस्ती नाही, शोकेसमध्ये ते छान दिसतात.